भोग कुणाचे, आणि ठरवायचे कुणी?

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की आमच्या घरी श्रीगुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. तीस-बत्तीस वर्षं ती दादा वाचायचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर पहाटेचं स्नान, सोवळं आणि पाटावरची बैठक कधी चुकली नाही. तीन वर्षांपूर्वी त्या पाटावर मी बसलो. थोरले बंधू शेजारच्या खोलीत खाटेवर होते. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही अखेरच्या टप्प्यातला. त्या सप्ताहात पडलेला प्रश्न माझा अजून पुरता सुटलेला नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात असं माणूस असेल, म्हणून मांडतो.

मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाने आम्हाला सांगितलं होतं, "घरी न्या, आता करण्यासारखं काही राहिलं नाही." कागदांची पिशवी घेऊन आम्ही चाळीसगाव स्टेशनवर उतरलो. दुखण्याचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

गावातल्या आमच्या डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्यांचं नाव काढलं. दादा लगेच म्हणाले, "म्हणजे अफूच ना? नको. भोग आहेत, भोगूनच संपवतो. टेंबे स्वामी महाराज संग्रहणी अंगावर घेऊन देशभर पायी हिंडले. माझं काय एवढं?" ऐकून माझा ऊर भरून आला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगू लागलो, "बघा, एवढ्या वेदना, पण तोंडातून हूं नाही." मंदिरातली मंडळी पाया पडून जायची. अठरा दिवस हे चाललं.

एका रात्री वहिनी माझ्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही झोपल्यावर ते उशी तोंडात धरतात. आते माले सहन व्हत नही." वहिनी माहेरची भाषा फार क्वचित बोलतात.

दुसऱ्या दिवशी सप्ताहाचा दुसरा दिवस होता, म्हणजे तेरावा अध्याय आलाच. कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. अन्न पोटात गेलं की शूळ उठतो, असं त्याचं दुखणं. आपल्या पूर्वकर्मालाच तो दोष देतो. श्रीगुरू त्याला बोलावून घेतात, आत्महत्या हे पाप आहे असं समजावतात, आणि मग काय करतात? सायंदेवाला सांगतात, याला जेवू घाल. अपूप, उडदाचं अन्न, खीर. सायंदेव घाबरतो, अन्नाने हा मेला तर हत्या माझ्या माथी! श्रीगुरू म्हणतात, हेच त्याचं औषध.

हा अध्याय मी किती वेळा ऐकला असेन. पण भिंतीपलीकडे पोटशूळाचाच माणूस पडलेला असताना वाचला आणि पुढची ओवी दिसेना. तो ब्राह्मण स्वतःच पूर्वकर्माचं बोलतोय, तरी श्रीगुरूंनी त्याला "मग भोग" म्हणून नदीकाठी कण्हत ठेवलं नाही. आधी दुखणं उतरवलं. मी तर माझ्या भावाच्या दुखण्याचं कौतुक करत बसलो होतो. आमच्या या कौतुकाने दादांना कण्हायचीही सोय ठेवली नव्हती.

वाचन संपवून खोलीत गेलो. दादांच्या हातात माळ होती, पण मणी सरकत नव्हता. विचारलं, "दादा, जप चालतो का?" बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही रे. आठ दिवस झाले. नाव घ्यायला जातो आणि कळ येते, मग फक्त कळच उरते." गोळी का नको, तेही तेव्हा कळलं. गुंगीत जीव गेला तर शेवटी नाम येणार नाही, ही त्यांची भीती. भोगाचं बोलणं वरवरचं होतं असं मी म्हणणार नाही, पण खाली ही भीती होती आणि ती कुणी विचारली नव्हती.

डॉक्टरांनी ती नीट ऐकून घेतली. म्हणाले, थोड्या मात्रेने सुरू करू. पहिले दोन-चार दिवस पेंग येते, मग बहुतेकांची उतरते. गोळी कळ उठल्यावर द्यायची नाही, घड्याळ लावून चार-चार तासांनी द्यायची. पोट साफ होण्याचं औषध बरोबर हवंच, नाहीतर त्याचाच त्रास होतो. वहिनींनी हळूच विचारलं, "याने लवकर जातील का?" ते म्हणाले, "नाही. योग्य मात्रेत दिली तर जीव घेत नाही, दुखणं घेते."

गोळ्या मिळवणं हे वेगळंच पारायण. गावात कुठल्याच दुकानात नव्हत्या. खरं तर ही अफू आपल्या शेजारी, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची अशी गुंतागुंत झाली की ज्याला खरी गरज त्यालाच ती मिळेना. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली, तरी लहान गावापर्यंत औषध पोचायला वेळच लागतो. शेवटी पुतण्या मुंबईहून घेऊन आला. नोंदवहीत नाव, मोजून गोळ्या.

मुंबईत त्याने वांद्र्याच्या शांती आवेदना सदनातही चौकशी केली होती. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे देशातलं पहिलं असं ठिकाण. बरा न होणारा कर्करोगी तिथे विनामूल्य राहतो, जात-धर्म कुणी पाहत नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथे घरचं माणूस रोग्याबरोबर राहतं आणि शुश्रूषा शिकून घरी जातं. केरळात तर कालिकतला १९९३ पासून डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे उभं केलं, त्यात साधी गावकरी मंडळी शेजारच्या रोग्यांच्या घरी जातात. आपल्याकडे दर गुरुवारी आरतीला एवढी माणसं जमतात, त्यातली चार जण कुणाच्या खाटेशी तासभर बसली तर त्या घरच्या बाईला निदान आंघोळ तरी निवांत करता येईल. हे आपलं जाता जाता.

दादांना घर सोडायचं नव्हतं. ते घरीच राहिले.

आता तो प्रश्न. गोळीने भोग टळतात का? मला शास्त्र कळत नाही. पण दादांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आमच्या घरात कुणी प्रारब्ध काढलं नव्हतं. कवळी बसवली तेव्हाही नाही. माणूस जायला निघाला की मगच आपल्याला प्रारब्ध का आठवतं? स्वामी महाराजांनी संग्रहणी सोसली, ती त्यांनी स्वतःची सोसली. "भोग आहेत" हे माणसाने स्वतःच्या दुखण्याला म्हणावं. दुसऱ्याच्या दुखण्याला मी ते म्हणालो, तेव्हा मी सेवेतून अंग काढून घेत होतो. आणि दादा स्वतःच म्हणत होते, त्याचं काय? तिथे मी अजून अडतो. त्यांनी अखेरपर्यंत नाहीच म्हटलं असतं तर जबरदस्तीने द्यायचा मला अधिकार नव्हता. पण त्यांचं "नाही" किती त्यांचं होतं आणि किती आमच्या पाया पडण्याचं, हे अठरा दिवस कुणी पाहिलंच नाही.

श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाची व्याधीच घालवली. ते आमच्या हातचं नव्हतं. दादा पौषात गेले.

पण त्याआधी, गोळ्या सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, माळ पुन्हा फिरू लागली. सकाळी मला हाक मारून म्हणाले, "आज किती अध्याय झाले?" आणि त्याच दुपारी वहिनींकडे कळण्याची भाकर मागितली. उडीद-ज्वारीची, वर ठेचा. वहिनी घाबरल्या, पोटाला झेपेल का म्हणून मला विचारायला आल्या. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मागतायत ना? द्या."

दोनच घास खाल्ले. तिसरा घास माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे, गरम आहे."