न केलेली निवड

१५ ऑगस्ट २०२१ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि गाव नमुना १२ भरण्याचे तलाठ्याकडचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. मंगळवेढ्याचा ज्वारी पिकवणारा शेतकरी आता स्वतः गट क्रमांक निवडतो, हंगाम निवडतो, पिकाचा वर्ग निवडतो आणि शेवटी पिकांच्या यादीत ज्वारीवर बोट ठेवतो. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत तीच पाहिली जाते. त्यामुळे पडद्यावरची यादी कशी वागते, हा प्रश्न निव्वळ प्रोग्रामरचा राहत नाही. नागरिकाने जे सांगितले तेच दप्तरात उतरले का, असा तो प्रश्न आहे.

यादीतून निवडणे म्हणजे खरे तर तीन क्रिया: ओळीवर येणे, ती ओळ निवडणे आणि निवड पक्की करणे. यादी बनवणारा या तिन्ही एकत्र करतो, तेव्हा घोळ होतो. वेबपानावरची साधी ड्रॉपडाउन यादी घ्या. सुरुवातीला ‘तालुका निवडा’ अशी ओळ ठेवली नाही, तर यादीतली पहिली नोंद आपोआप निवडली जाते. सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके वर्णानुक्रमे लावले की पहिला येतो अक्कलकोट. सांगोल्याच्या माणसाच्या नजरेतून तो रकाना सुटला, तर अर्जापुरता तो अक्कलकोटचा होतो आणि यंत्र तक्रारही करत नाही, कारण रकाना त्याच्या लेखी भरलेला असतो. काही प्रणालींत मिटलेल्या यादीवरही माउसचे चाक फिरले की निवड बदलते. पान खाली सरकवताना ‘उत्तर सोलापूर’चे ‘दक्षिण सोलापूर’ कधी झाले, हे भरणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

दुसरा दोष पडद्याआड असतो. निवडलेली नोंद कोणती, हे तिच्या ओळीच्या क्रमांकावरून लक्षात ठेवायचे की तिच्या स्वतःच्या ओळखीवरून? क्रमांक सोपा वाटतो. पण यादी नव्याने लावली, वर एखादे नाव वाढले किंवा शोधचौकटीत दोन अक्षरे टाकली की सातव्या ओळीवर दुसरेच गाव येते. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे यादीत शेजारी असतात; एका ओळीची चूक सहज खरी वाटते. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. निवड बांधायची ती अशा संकेतांकाशी. यादी भरताना प्रोग्रामने स्वतः बदललेली ओळ आणि माणसाने निवडलेली ओळ यांतला फरकही प्रोग्रामने राखलाच पाहिजे.

तिसरा मुद्दा शेतीतूनच येतो. सोलापूरच्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी असतात. नमुना १२च्या कागदावर मिश्र पिकाचे आणि निर्भेळ पिकाचे रकाने वेगळे होते. ई-पीक पाहणीतही तसे वर्ग आहेत. हे योग्यच आहे. एकच नोंद स्वीकारणारी यादी अशा रानापुढे खोटी पडते. आणि अनेक नोंदी घेणारी यादी कंट्रोल कळ दाबून ठेवण्यावर अवलंबून असेल, तर एका साध्या क्लिकने आधीच्या सगळ्या निवडी पुसल्या जातात. तिथे प्रत्येक नावापुढे खुणेची चौकट हवी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सेवा केंद्रातला ऑपरेटर दिवसभर अर्ज भरतो. आधीच निवडलेला जिल्हा त्याचे श्रम वाचवतो. मान्य. जिथे चूक लगेच दिसते आणि फुकट सुधारता येते, तिथे अशी सोय जरूर असावी. पण जिथे निवडीचे शासकीय दप्तर होते, तिथे वेगापेक्षा खरेपणा मोठा. ‘अर्जदाराने नीट वाचावे’ हे उत्तर तर अन्यायाचे आहे. माणसाने न केलेली निवड त्याच्या नावावर मांडायची आणि दोषही त्यालाच द्यायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय देण्याचा आदेश दिला. काहीच न निवडणे हीसुद्धा नोंदवण्याजोगी भूमिका आहे, हे त्यातून मान्य झाले. प्रत्येक यादीला हा न्याय लावावा. सुरुवात रिकामी असावी, ‘यादीत नाही’ म्हणण्याची सोय असावी आणि पक्के करण्यापूर्वी गाव, तालुका, गट, पीक मराठीत मोठ्या अक्षरांत पुन्हा दाखवावे. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करू देण्याची सोय आली, हे चांगले पाऊल आहे. इतर अर्जांनीही ते उचलावे.

सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. उद्याचे अर्ज तिथलीच मुले लिहिणार आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच: तुमची यादी आधी सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून पाहा. त्याने जे निवडले नाही, ते त्याच्या नावावर कधीही लिहू नका.