मामांच्या शर्टाची बटणं

मामांच्या शर्टाची बटणं अजून मामी लावून देते. चार वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, एकाही लसिकाग्रंथीत आजार सापडला नाही. दुसरी स्टेज. तरी घरात सगळ्यांनी एकच धरलं, केमो घेऊनच टाकू. त्यात मीही होतो. केमो सुरू असताना गार पाण्याला हात लागला की मामा कळवळायचे. पुढे ते थांबलं, पण बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच.

ती केमो त्यांना लागणार होती का, हा प्रश्न मला सोडत नाही. या स्टेजच्या बहुतेकांचा आजार नुसत्या शस्त्रक्रियेनं बरा होतो. ब्रिटनमधल्या 'क्वासार' चाचणीत तीन हजारांवर रुग्ण होते. केमोमुळे जास्तीचे जीव वाचले ते शंभरात तीन-चार. ते तीन-चार कोण, हे कसं ओळखायचं? गाठ आतड्याची भिंत भेदून बाहेर आली होती का, आतडं तुंबलं किंवा फुटलं होतं का, किमान १२ ग्रंथी तपासल्या का, अशा खुणांवरून डॉक्टर अंदाज बांधत आले.

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जीन टाय आणि सहकाऱ्यांनी रक्तालाच विचारलं. ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त काढायचं आणि त्यात गाठीच्या डीएनएचे तुकडे उरलेत का ते पाहायचं. सापडले तर केमो, नाहीतर नाही. ४५५ रुग्णांची ही 'डायनॅमिक' चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पद्धतीनं २८ टक्के रुग्णांना केमो मिळाली, रक्त पाहून ठरवलं तेव्हा १५ टक्क्यांना. दोन वर्षं आजार न उलटलेले रुग्ण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच, ९२.४ आणि ९३.५ टक्के. रक्त स्वच्छ असूनही काहींचा आजार उलटलाच, हेही खरं. पण कितीतरी जणांची केमो टळली, आणि त्यानं आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

जवळच्या माणसासाठी काहीतरी करणं सोपं असतं. न करता धीर धरणं फार अवघड. आम्हाला ते जमलं नाही.

"घेतली म्हणून तर आज बसलोय तुमच्यासमोर," मामा म्हणतात. असेलही तसं. त्यांचं रक्त तेव्हा कुणी असं तपासलं नव्हतं. मामी मान वाकवून कॉलरजवळचं बटण काजात घालते, आणि ते हनुवटी वर करून उभे राहतात.