शेवटचा भार

एखाद्याच्या संसाराचा गाडा मोडला म्हणजे लोक प्रथम विचारतात, ‘असें काय मोठें झालें होतें?’ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशीम एक होता. त्यामुळें हा प्रश्न आमच्याकडील पुष्कळ ओसऱ्यांवर विचारला गेला आहे, आणि त्यामागोमाग निवाडाही दिला गेला आहे: कर्ज थोडें होतें, मनुष्यच कच्चा होता. हा निवाडा न्याय्य आहे काय?

या बाबतींत धातूंचें शास्त्र कांहीं सांगूं शकतें. कारंज्यावरून मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद लोहमार्गावर पूर्वीं एक लहान गाडी धांवत असे. अंतर सुमारें ११३ किलोमीटर. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर एका खेपेंत आंस ५० हजार वेळां फिरतो. प्रत्येक फेऱ्यांत त्याचा तोच भाग एकदां ताणला व एकदां दाबला जातो. यांतील एकही ताण आंस मोडण्याइतका मोठा नसतो. तरीही एखाद्या ओरखड्यापाशीं केसाएवढी चीर पडते व फेऱ्याफेऱ्यानें वाढत जाते. १८४२ सालीं व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस असाच मोडला आणि पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. पुढें जर्मन इंजिनियर वोलर यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, जो भार धातूला एका वेळीं मोडूं शकत नाहीं, तोच लक्षावधि वेळां पडला तर मोडूं शकतो. शेवटच्या फेऱ्याला मोडण्याचें कारण म्हणणें म्हणजे बेरजेंतला शेवटचा आंकडा हीच बेरीज समजणें होय.

मग ज्यांत कसलीच सांध नाहीं असा निर्दोष पदार्थ करावा, असें कोणी म्हणेल. तसा पदार्थ झालेला आहे. १९६० सालीं अमेरिकेंत पोल डुवे व त्यांचे सहकारी यांनीं सोनें व सिलिकॉन यांचा रस इतक्या झपाट्यानें थंड केला कीं, अणूंना स्फटिकांच्या ओळी धरण्यास अवसरच मिळाला नाहीं. ही धातूची कांच. शेजारच्या लोणारला उल्कापातानें वितळलेल्या काळ्या पाषाणाचे जे कांचमय कण सांपडतात, तेही याच न्यायानें झाले. पुढें निघालेल्या अशा कांचा एका वेळीं पुष्कळ पोलादांहून अधिक ताण सोसतात. परंतु सामान्य पोलाद आपल्या शक्तीच्या सुमारें निम्म्यापर्यंतचा फिरता ताण जवळजवळ कितीही वेळां सोसतें. झिर्कोनियमच्या एका प्रसिद्ध धातु-कांचेची हीच मर्यादा १९९० नंतरच्या दशकांतील प्रयोगांत शेंकडा चारांच्या आसपास भरली. चिरेला अडविणारें तिच्यांत कांहींच नव्हतें. पुढें संशोधकांनीं अशा कांचेंत मऊ स्फटिकांच्या फांद्या मुद्दाम वाढूं दिल्या, तेव्हां चीर त्यांच्यापाशीं अडखळूं लागली व मर्यादा कित्येक पटींनीं वाढली.

कणखरपणाचा आमचा आदर्श बहुधा या कांचेचा असतो. जो कधीं वांकला नाहीं, ज्यानें आपलें दुःख घरांतही कळूं दिलें नाहीं, त्याला आम्ही खंबीर म्हणतों. पण न वांकणें आणि टिकणें हे दोन निराळे गुण आहेत.

धातूला इच्छा नाहीं, मनुष्याला आहे, तेव्हां उपमा फार ताणूं नये, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. मात्र या भेदाला दुसरीही बाजू आहे. आंस आपली चीर सांगूं शकत नाहीं, म्हणून रेल्वेचे कामगार हातोडीनें चाकें ठोकून त्यांचा आवाज ऐकत असत. मनुष्य बोलूं शकतो, तरी त्याचें ऐकण्यास आम्ही तेवढेही थांबत नाहीं. शिवाय चीर अडविणारें मऊ द्रव्य मनुष्याच्या बाबतींत पुष्कळसें त्याच्या बाहेरच असतें. हप्त्याला मुदत देणारी पेढी, पेरणीला आपली बैलजोडी देणारा शेजारी, उणें न बोलतां दार उघडणारा भाऊ, हें तें द्रव्य.

शेवटच्या भाराचें वजन करून गेलेल्याला कच्चा ठरविणें सोपें आहे, कारण त्यांत आपल्या वांट्याला कांहींच येत नाहीं. मागचे फेरे मोजूं लागलों, तर त्यांतले कांहीं आपणच दिलेले निघतील.