तुमची तक्रार कुणाच्या दारात जाते?

प्रत्येक गल्लीत अशी एखादी जागा असतेच. कुलूप लावलेला जुना वाडा, ज्याच्या अंगणात पाणी साचून डास होतात. अर्धवट बांधून सोडलेली इमारत, जिथे रात्री बाटल्या फुटतात. नाहीतर तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट, जिथून रात्री दोनलाही गाण्यांचा आवाज येतो. लोक आधी कुजबुजतात, मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकतात, आणि शेवटी कुणीतरी महापालिकेकडे किंवा पोलिसांकडे तक्रार करतं. त्याला आपण जागरूक नागरिक म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपल्या तक्रारीची किंमत कोण भरतं?

मी सॉफ्टवेअर लिहितो. तिकीट क्लोज होणं आणि बग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याकडे नव्या पोरालाही महिन्याभरात कळतं. ज्या टीमचं काम फक्त बंद झालेल्या तिकिटांवर मोजलं जातं, ती टीम तिकिटं बंद करायला शिकते. बग तिथेच राहतो. शहराच्या तक्रारींचंही असंच होऊ शकतं, फक्त तिथे बगच्या जागी माणूस असतो.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात याचं ठसठशीत उदाहरण सापडतं. तिथे उपद्रवी मालमत्तांसाठी एक नियम होता. एखाद्या पत्त्यासाठी 30 दिवसांत तीन किंवा जास्त वेळा पोलिसांना फोन गेला, की घरमालकाला पत्र जायचं : हा उपद्रव थांबवा, नाहीतर पोलिसांचा खर्च तुमच्याकडून वसूल करू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. भाडं घेतोस, तर जबाबदारीही घे. मॅथ्यू डेस्मंड आणि निकोल वाल्देझ या समाजशास्त्रज्ञांनी ही पत्रं तपासली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की जवळपास एक तृतीयांश पत्रांच्या मुळाशी घरगुती हिंसाचार होता. म्हणजे कुणालातरी मारहाण होत होती, म्हणून पोलिसांना फोन गेला होता. बहुतेक मालकांनी त्यावर काढलेला उपाय सोपा होता : भाडेकरूला घराबाहेर काढायचं, किंवा पुन्हा फोन केलास तर काढू असं बजावायचं. फोन थांबले. कागदोपत्री उपद्रव संपला. मार थांबला का, हे विचारणारा रकानाच नव्हता. पुढे शहराने घरगुती हिंसाचाराचे फोन या नियमातून वगळले.

या गोष्टीत, मारणारा सोडला तर, खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. पोलिसांना फेऱ्या कमी हव्या होत्या, मालकाला भुर्दंड नको होता, शेजाऱ्यांना झोप हवी होती. प्रत्येकाची मागणी रास्त. पण दबाव पाण्यासारखा उताराकडे जातो, आणि उताराच्या टोकाला तीच बाई उभी होती, जिला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

हा उतार आपल्याकडेही आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा चार बॅचलर असतात. तक्रार कमिटीकडे जाते, कमिटी मालकाला फोन करते, मालक मुलांना महिन्याची मुदत देतो. आवाज कमी करा एवढीच शेजाऱ्याची मागणी होती. हातात पडतो तो ‘फक्त फॅमिलीसाठी’ असा अलिखित नियम. मग ज्यांनी कधी स्पीकरही विकत घेतला नाही, त्यांनाही घर मिळत नाही.

मग गप्प बसायचं का? अजिबात नाही. गप्प बसण्याचीही किंमत असते, आणि तीही खालच्यांनाच पडते. बंद वाड्यातला डास आधी चावतो तो शेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्याला. त्याच्याकडे ना तक्रारीचं अ‍ॅप असतं, ना कचेरीत खेटे घालायला सुट्टी. ज्याला तक्रार करणं परवडतं, त्याने ती केलीच पाहिजे.

मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी ती केली होती. उघडी गटारं, दुर्गंधी, आणि शौचालयं नसल्यामुळे रस्त्यावरच बसणारे झोपडपट्टीतले लोक, असं ते प्रकरण होतं. सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली ते मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहीत. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात, ही सबब फेटाळली आणि गटारं दुरुस्त करा, सार्वजनिक शौचालयं बांधा असा आदेश दिला. झोपड्या हटवून तीच दुर्गंधी दुसऱ्या वस्तीत ढकलणं हाही एक ‘उपाय’ झाला असता. पण इथे तक्रार ज्याच्या हातात उपाय होता, त्याच्या दारात जाऊन थांबली.

मिलवॉकी आणि रतलाम यांतला फरक मला इथेच दिसतो. दोन्हीकडे त्रास खरा होता. एकीकडे प्रश्न होता ‘हे कसं थांबेल’, दुसरीकडे ‘हे कुणी करायला हवं होतं आणि केलं नाही’. म्हणून तक्रार लिहिताना शब्द निवडणं महत्त्वाचं आहे. ‘त्या घरातली माणसं’ असं न लिहिता ‘साचलेलं पाणी’ लिहा. ‘बॅचलर काढा’ असं न लिहिता ‘रात्री दहानंतरचा आवाज’ लिहा. शक्य असेल तर आधी बेल वाजवून बोला. बोलणं शक्य नसेल, भिंतीपलीकडून मारहाण ऐकू येत असेल, तर मालकाला किंवा कमिटीला मध्ये न घेता थेट 112 फिरवा. तिथे आपल्या झोपेआधी तिचा जीव येतो.

आणि ‘तक्रारीचं निवारण झालं’ असा मेसेज आला, की पाच मिनिटं काढून खाली जाऊन बघा. पाणी गेलंय का? आणि जे गेले, ते कोण होते?