फायलीत न मावणारी माणसं

दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी मराठी हमखास कानावर पडते. लातूर, बीड, सांगलीहून यूपीएससीसाठी आलेली ही मुलं. त्यांच्याशी बोलताना कादंबरीचा विषय निघाला, की ठरलेलं उत्तर येतं : "निकाल लागू दे, मग वाचू." कादंबरी म्हणजे फावल्या वेळेची चैन, हा त्यामागचा समज मराठी कादंबरीइतकाच जुना आहे.

बाबा पदमनजींनी १८५७मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं, ते विधवांचे हाल समाजापुढे मांडण्यासाठी. चारच वर्षांनी आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला'नं वाचकाला अद्भुतात गुंगवलं. एकीकडे उपदेश, दुसरीकडे रंजन. शाळेच्या वयात माझ्याही अपेक्षा याच दोन होत्या.

तिसरी वाट मला हरिभाऊ आपट्यांनी दाखवली. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाच्या वादानं महाराष्ट्र ढवळून निघाला, तो हाच काळ. १८९१च्या कायद्यानं संमतिवय दहावरून बारावर नेलं. सभांत आणि अग्रलेखांत वयाचे आकडे होते, शास्त्रवचनं होती. हरिभाऊंच्या पानांवर यमू होती. ती स्वतःची कहाणी स्वतःच सांगते : दादाबरोबरचं बालपण, सासर, नवऱ्याच्या पाठबळानं लागलेली वाचनाची गोडी, मुंबईतले थोडे मोकळे दिवस आणि वैधव्यानंतर सक्तीचं केशवपन. तो प्रसंग येईपर्यंत वाचक तिच्या सोबतीनं इतकी पानं चाललेला असतो, की ती त्याच्या घरातलीच झालेली असते. मग 'विधवांचा प्रश्न' असं म्हणून त्याला बाजूला होता येत नाही.

दिल्लीत आल्यावर हा विचार पुढे सरकला तो पानिपतामुळे. आज राजधानी क्षेत्रात मोडणारं हे गाव इथून सुमारे ९० किलोमीटरवर. काला अंबच्या स्मारकापाशी पानिपतच्या लढाईची १४ जानेवारी १७६१ ही तारीख मनात असतेच. पण विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) वाचून गेलेल्याला तिथे कोंडलेली छावणी दिसते, चाऱ्याविना मरणारी जनावरं दिसतात, फौजेबरोबर आलेल्या बायाबापड्या दिसतात. कादंबरीतले संवाद हा काही पुरावा नव्हे. त्यासाठी पत्रं आणि बखरीच पारखून घ्याव्या लागतात. कादंबरी देते ते निराळंच. शेवट आपल्याला ठाऊक असतो. ती आपल्याला शेवट ठाऊक नसलेल्या माणसाच्या जागी उभं करते. अडीचशे वर्षांनी मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांच्या चुका मोजणं सोपं आहे. पोटात अन्न नाही, रसद तुटलेली, आणि उद्याचा निर्णय आजच घ्यायचा, ही अवस्था काय असते ते कादंबरीत कळतं. ते कळल्यावर कुणाबद्दलही झटकन निवाडा देताना जीभ अडखळते. माझ्या मते हीच वाचनाची सर्वांत मोठी कमाई.

पाटील स्वतः प्रशासकीय सेवेत होते, आणि त्यांच्या 'झाडाझडती'ला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी धरणग्रस्तांची. दिल्लीतल्या कागदांवर धरण म्हणजे भिंतीची उंची, पाणीसाठा, हेक्टर आणि 'बाधित कुटुंबं'. आकड्यांवाचून राज्य चालत नाही, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण घर, शेत आणि देऊळ पाण्याखाली गेल्यावर पर्यायी जमिनीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा म्हातारा रकान्यात मावत नाही. त्याच्यापाशी थांबायची सवय कादंबरी लावते. एकदा ती सवय लागली, की पुढचा अर्ज हातात घेतानाही त्यामागचं माणूस शोधावंसं वाटतं.

म्हणून राजेंद्रनगरातल्या मित्रांनो, निकालाची वाट पाहू नका. फिरोजशाह मार्गावर साहित्य अकादमीचं ग्रंथालय आहे, तिथे मराठी पुस्तकं आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर पुनर्वसनाची फाइल येणार आहे. तिच्यावर सही करण्याआधी 'झाडाझडती' वाचून ठेवा.