राख सावडताना

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाणाऱ्याला अस्थी कोणाच्या, हे ठाऊक असते. 11 सप्टेंबर 2001 नंतर न्यूयॉर्कमध्ये जी राख सावडली गेली, तिच्याविषयी नेमके हेच ठाऊक नव्हते. जुळे मनोरे कोसळून 2753 माणसे मृत्यू पावली. त्यांत लोकांना सोडवायला गेलेले अग्निशामक दलाचे 343 जण होते. त्यांचे सहकारी मे 2002 अखेरपर्यंत ढिगारा उपसत राहिले. गणवेशधारी कोणाचे अवशेष हाती लागले, की काम थांबे, त्यांवर ध्वज पांघरला जाई आणि दुतर्फा उभे राहून सलामी दिली जाई. कचेरीतल्या कारकुनाच्या अवशेषांनाही हाच मान मिळतो काय, असा प्रश्न तेव्हाच उठला.

जो कर्तव्य म्हणून मृत्यूच्या तोंडी गेला त्याचा मान अधिक, असे आपले मन सहज म्हणते. सहकाऱ्यांनी सलामी द्यावी हे योग्यच. ते त्यांचे आपसांतले ऋण आहे. परंतु समाजाने अस्थींची प्रतवारी लावावी काय?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतच मिळते. तेथे सुमारे 22 हजार अवशेष आले. हाडाच्या तुकड्याला गणवेश नसतो. तो जिना चढणाऱ्याचा की उतरणाऱ्याचा, हे डीएनए चाचणीने ओळख पटेपर्यंत सांगता येत नाही. 2025 सालीही काही नव्या ओळखी पटल्या, तरी सुमारे 1100 मृतांची ओळख अद्याप पटायची आहे. तेव्हा प्रत्येक तुकडा सारख्याच हळुवारपणे हाताळण्यावाचून गत्यंतर नाही.

10 मे 2014 रोजी हे अनोळखी अवशेष मनोऱ्यांच्या जागीच, जमिनीखालच्या दालनात एकत्र ठेवले गेले. संग्रहालयाच्या वास्तूत आपली माणसे नकोत, म्हणून काही नातेवाइकांनी तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून निषेध केला. त्यांचे दुःख मानाच्या पायरीचे नव्हते. आपल्याला कोणी विचारले नाही, याचे होते. ज्यांचे माणूस गेले त्यांना विचारणे हाही मृताच्या सन्मानाचाच भाग नव्हे काय?

आपल्या तर्पणात ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडतात. त्यामागची दृष्टी हीच असावी. जिना चढताना त्या अग्निशामकांनी वाचवायच्या माणसाची योग्यता विचारली नव्हती. त्यांचा मान राखायचा, तर अस्थी उचलताना आपणही ती विचारू नये.