खाटेजवळचा शताधिपती



कफर्णहूममधील शताधिपतीचा चाकर मरणाला टेकला होता. प्रभू येशूने त्याला दुरूनच बरे केले (लूक ७:१-१०). परंतु त्याचे दुखणे प्रभूपर्यंत पोहोचवले ते शताधिपतीने.

२०२० पासून ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून मोबाईलवर डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला मिळतो. वृद्धाश्रमात खाटेला खिळलेल्या आजी-आजोबांची तज्ज्ञांकडे जाण्याची दगदग त्यामुळे पुष्कळदा वाचू शकते. पण ज्यांना धड दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांचा फोन कोण लावणार? चालू गोळ्या, रक्तदाब, रात्रीची धाप डॉक्टरांना कोण सांगणार?

डॉक्टर दूर असले तरी चालेल. आपण दूर राहून चालणार नाही. आठवड्यातला एक तास त्यांच्या खाटेजवळ देऊ या. प्रभू आपणांस तसे प्रेम देवो. आमेन.